मुन्शीजी आणि त्यांचा न्यूयॉर्कवाला

मुन्शीजी संगीत उजवीकडून डावीकडे ऐकत. रेकॉर्ड सुरू झाली की त्यांचं बोट टेबलाच्या उजव्या कडेला टेकायचं आणि सुरांबरोबर डावीकडे सरकत जायचं. सूर चढला की बोट वरच्या बाजूला वळण घ्यायचं, ढोल वाजला की ठिपका द्यायचं. डावी कड आली की पुन्हा उजवीकडून नवी ओळ. आयुष्यभर उर्दू लिहिलेल्या माणसाला संगीतही त्याच दिशेनं जाताना दिसत असावं.

जन्मानं ते देशस्थ ब्राह्मण, पण शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली, जमिनींची जुनी दफ्तरं मात्र औरंगाबादच्या आमच्या कचेरीत गठ्ठ्यांत बांधलेली तशीच राहिली. ती शिकस्त्यात होती. शिकस्ता म्हणजे उर्दू-फारसीची धावती लिपी. एक अक्षर दुसऱ्याला लोंबकळतं, आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, द्यायचे की नाही ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. साधं उर्दू जाणणारे शहरात पुष्कळ होते. शिकस्ता वाचून त्याचं मराठी करू शकणारे कचेरीत एकटे मुन्शीजी. म्हणून त्यांचा मान मोठा होता आणि म्हणूनच त्यांना कुठंही जाता येत नव्हतं.

मला त्यांच्या हाताखाली शिकायला बसवलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात ते मला घरी घेऊन गेले. छावणीतला कोणी इंग्रज अधिकारी सामान विकून गेला होता, त्यातला ग्रामोफोन आणि एक रेकॉर्ड त्यांच्याकडे होती. नाव इंग्रजी होतं, पण ते तिला ‘अपनी चीज’ म्हणत. सुरुवातीला एकटं क्लॅरोनेट खालून निघतं आणि पायऱ्या न चढता, घसरत घसरतच वर जातं. मग पियानो, मग सगळा वाद्यमेळ. मध्येच बाजू संपते. रेकॉर्ड उलटवताना मुन्शीजी तोंडानं शेवटचा सूर धरून ठेवत, चीज तुटू नये म्हणून.

“मियाँ, बाकीचे गोरे छापील लिहितात. हा न्यूयॉर्कवाला शिकस्त्यात लिहितो,” ते मला सांगत. “नुक्ता गाळतो, शब्द एकमेकांत घुसवतो. पण अडलं का कुठं? नाही ना? मग तसंच हे वाचा.” आणि ते माझ्यापुढं दफ्तराचा कागद सरकवत. मला ते तुम्ही म्हणत, आणि मियाँ. त्या संगीतकाराबद्दल एका मासिकात आलेला पानभर मजकूर त्यांनी जपून ठेवला होता. तो गल्लीबोळांत वाढला, काळ्या वादकांचं जॅझ त्यानं मोठ्या सभागृहात नेलं आणि चाळिशीच्या आत गेला, एवढंच त्यात होतं. मुन्शीजी ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगत.

काकू आतून म्हणत, “सव्वीस वर्षं झाली लग्नाला. माझं नाव कधी एवढ्या लाडानं घेतलं नाही.”

“तुम्ही घसरत वर चढून दाखवा, तुमचंही घेतो.”

“मी या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढते तेच लई झालं. चहा घ्या.”

मुंबईला बदली मिळावी म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केले होते. मुंबईत असा वाद्यमेळ खरोखर ऐकायला मिळतो, एवढंच कारण. अर्जात ते लिहिता येत नव्हतं. त्यांची फाईल एकदा माझ्या हाती आली. तिन्ही अर्जांवर एकच शेरा होता: नामंजूर, पर्यायी व्यक्ती नाही. ती फाईल मी परत ठेवली आणि त्याच आठवड्यात पुण्याला बदली मिळावी म्हणून माझा अर्ज टाकला.

दोन वर्षांनी मुंबईहून त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. परदेशातला वाद्यमेळ येणार होता, शनिवारी संध्याकाळी अपनी चीज वाजणार होती, आणि भाच्यानं मामासाठी तिकीट काढून ठेवलं होतं. मुन्शीजींनी ते पत्र मला पाच वेळा वाचायला दिलं. “पन्नास माणसं, मियाँ! आणि मध्ये रेकॉर्ड उलटवायला कोणी उठणार नाही.” शुक्रवारी निघून मनमाडला गाडी बदलायची, सगळं ठरलं.

बुधवारी साहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं. शनिवारी एका इनाम जमिनीची सुनावणी लागली होती आणि मूळ कागद तिथंच वाचून दाखवायचा होता.

“मुन्शीजी, तुम्ही गेलात तर वाचणार कोण?” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुला शिकवतायत ना दोन वर्षं? येतं का वाचता?”

आदल्याच दिवशी मी तसला एक सबंध कागद न अडखळता वाचला होता. मुन्शीजींनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. मला एवढंच दिसलं की आता ‘येतं’ म्हटलं तर पुण्याचा माझा अर्जही त्याच शेऱ्यानं परत येईल, आणि पुढची तीस वर्षं मी या गठ्ठ्यांत बसेन.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, “अजून कच्चे आहेत, साहेब. मी थांबतो.”

शनिवारी सुनावणी लांबली, दिवे लावावे लागले. मुन्शीजी उभं राहून वाचत होते, मी शेजारी बसून मराठी उतरवून घेत होतो. एकदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचली.

सोमवारी मी उशिरा, मान खाली घालून गेलो. त्यांनी नेहमीसारखा कागद माझ्यापुढं सरकवला. “वाचा, मियाँ. जरा हळू वाचा, बाहेर ऐकू जाईल.” त्यानंतर पाच महिन्यांनी माझी बदली झाली. तोवर त्यांनी मला शिकवायचं राहिलेलं सगळं शिकवलं, कुणाला कळू न देता. निघताना मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, “पुण्याला थंडी असते. स्वेटर घेतलाय का?”

निवृत्तीनंतरही कचेरीनं त्यांना दोनदा मुदतवाढ दिली. दुसरी संपण्याआधीच ते गेले. मुंबईला ते कधीच गेले नाहीत. काही आठवड्यांनी सगळ्या कार्यालयांना परिपत्रक आलं: शिकस्ता वाचता येणारं कोणी आहे काय? मी त्यावर ‘होय’ असं लिहून सही केली. पुण्याच्या माझ्या साहेबांना वाटलं, चुकून केली.

आता बारा वर्षं मी पुन्हा इथं, औरंगाबादच्या त्याच कचेरीत आहे. शिकायला कोणी पाठवलं की त्याला मी पहिल्याच दिवशी सांगतो, येऊ लागलं की मला सांगा, साहेबांना सांगू नका. आजवर दोघं आले. एकानं कंटाळून सोडलं. दुसरा फार हुशार निघाला, वर्षभरात माझ्याहून सफाईनं वाचू लागला. तो आता नाशिकला असतो.