उंबऱ्याबाहेरचं अभद्र

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे कृष्णाजीराव एन्नोरच्या वीजकेंद्रात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते. घराणं तंजावरकडचं. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ते उलटीकडून सुरुवात करतात. काम फसलंय असं धरायचं आणि का फसलं ते शोधायचं. यश कसं मिळतं हे कुणालाच ठाऊक नसतं, पण माती कशी खातात ते सगळ्यांना ठाऊक असतं. तेवढं टाळलं की पुरे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की जिन्यात ते दिसले की कधी कधी मी मागे फिरतो.

जिन्यात, कारण हे सगळं तिथेच चालतं. घरात अभद्र बोललं की वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, अशी त्यांच्या बायकोची, सरोजाबाईंची, पक्की समजूत. म्हणून जे काही फसायचं ते उंबऱ्याबाहेर, पायरीवर बसून. एवढा इंजिनिअर माणूस, पण बायकोपुढे नांगी टाकलेली.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीनं, नंदितानं, आयटीतली नोकरी सोडून शहरातल्या नुंगंबाक्कम भागातल्या ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवायचं ठरवलं. जागेचा करार शुक्रवारी होता. बुधवारी संध्याकाळी बाप-लेक पायरीवर बसले होते आणि भाजी घेऊन येताना मी तावडीत सापडलो.

"वर्ष झालं. धंदा बंद पडला," कृष्णाजीराव म्हणाले. "का?"

"स्वयंपाकी सोडून गेला," नंदिता म्हणाली, आणि उपायही तिनंच सांगितला: दोघं ठेवायचे. पावसात डबे उशिरा पोचले, तर सुरुवातीला जवळचीच ऑफिसं घ्यायची. लोक त्याच त्या भाजीला कंटाळतील, असं मी म्हटलं. तेही तिनं लिहून घेतलं. पोरगी तयारीची होती. मला कौतुक वाटलं.

"आणखी?"

"तुझे अप्पा पडले म्हणून," मागून आवाज आला.

सरोजाबाई दारात होत्या. आजवर या बैठकीला त्या कधी आल्या नव्हत्या. आज उंबरा ओलांडून बाहेर आल्या. "न्हाणीत पडले. या महिन्यात दोनदा. डोळ्यापुढं अंधार येतो म्हणतात. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मोडली मी."



"याला उपाय काय, अप्पा?" नंदितानं विचारलं.

सगळ्या जगाला फसण्याची कारणं विचारणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक कारण सांगवेना. मला त्यांचा राग आला.

"भीती वाटते ग," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टरनं काही काढलं, तर तू धंदा सुरू करायची नाहीस."

"आणि तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत, तर शुक्रवारी मी सही करायची नाही."

ते उठायला लागले. सरोजाबाईंनी त्यांचा दंड धरला. एरवी त्यांनी तो हात झटकला असता. त्या दिवशी राहू दिला.