साभार आणि संपतरावांचा गोठा

“आवं मॅडम, हे ‘साभार’ म्हंजे काय?” संपतरावांनी प्रूफवर बोट ठेवलं.

प्रूफ माझ्याच पुस्तकाचं होतं. मी विश्रामबागेत कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवते. घराचे, शेडचे, मशीनच्या पार्टचे. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, मेनू सगळे इंग्रजी. म्हणून मराठीत गाइड लिहिलं. प्रत्येक पायरीला एक स्क्रीनशॉट, म्हणजे स्क्रीनवर दिसतं त्याचा जसाच्या तसा फोटो. असे बासष्ट. प्रत्येकाखाली ‘साभार’ आणि कंपनीचं नाव.

संपतराव माझे विद्यार्थी, साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. इस्लामपूरकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची जागा निघाली होती. महिन्याभरात टेस्ट. हात चांगला, पण इंग्रजी मेनू उघडला की फौजी गडी घामाघूम. त्यांची सगळी भिस्त या गाइडवर होती, म्हणून प्रूफ आधी त्यांना दिलं.

“साभार म्हणजे आभार मानून घेतलंय,” मी म्हटलं.

“इचारून घेतलंय का?”

“नाही. पण आपल्याकडं असंच छापतात.”

“म्हंजे शेजाऱ्याच्या रानातला ऊस तोडायचा, आन् बांधावर साभार लिवून यायचं?”

मला राग आला. वीस वर्षं शिकवतेय आणि हे मला शिकवतात. 

वकील मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, “वर्गात शिकवताना शिक्षकाला कायद्यात सूट आहे. विकायचं पुस्तक म्हणजे वर्ग नव्हे. कायद्यात बसणारा उचित वापर आहे म्हणून कोर्टात भांडता येईल, पण भांडतेस कशाला? आधी कंपनीचे नियम तरी वाच.”

नियम वेबसाइटवरच होते. मी कधी उघडलेच नव्हते. शिकवायच्या पुस्तकात स्क्रीनशॉट वापरा, असं सरळ लिहिलेलं. जीव भांड्यात पडला. मग खालच्या अटी वाचल्या. स्क्रीन पूर्ण दाखवा, काही कापू नका. कॉपीराइटची ओळ कंपनीच्याच शब्दांत छापा. स्क्रीनच्या आत दुसऱ्या कुणाचं काम दिसत असेल, तर त्याची परवानगी तुम्ही वेगळी घ्या.

आमचे प्रेसवाले मगदूम अण्णा माधवनगरचे. त्यांनी वरची कंपनीच्या नावाची पट्टी बासष्ट ठिकाणी कापली होती. “लय गिचमिड दिसत हुती मॅडम. आता पान कसं मोकळं झालंय बगा.” आणि आतला नकाशा एका बंगल्याचा, मी नेटवरून उतरवलेला. कुणाचा, देव जाणे. थोडक्यात, सगळे बाद.

“पुस्तक फुडच्या बॅचला काढू की,” अण्णा म्हणाले. तोवर संपतरावांची टेस्ट होऊन गेली असती. मी तसं संपतरावांना सांगितलं, मान खाली घालून.

त्यांनी प्रूफ पुढं ओढून त्यातला बंगला बघितला. मग म्हणाले, “आपल्याला बंगला कशाला पायजे? माझ्या गोठ्याचा नकाशा काढू. मापं पाठ हायेत.”

मग रोज दुपारी आम्ही बसलो. ते रेघा मारायचे, मी पायरीपायरीला स्क्रीनशॉट घ्यायची, पट्टीसकट. भिंत चुकली की पुसून पुन्हा. गव्हाण तर त्यांनी पाच वेळा काढली, म्हशीला मान वळवता आली पाहिजे म्हणून. चार-पाच दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की मी मेनूची नावं सांगायची थांबलेय आणि ते विचारायचे थांबलेत.

बासष्टावा शॉट झाला. मी त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. गोठ्याचा नकाशा छापायला परवानगी, खाली सही.

“आवं, माझी कशाला?”

“रान तुमचं, ऊस तुमचा.”

ते हसले आणि पुरं नाव लिहून सही केली.

मगदूम अण्णांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे उशीर केला. पुस्तक आलं ते टेस्टनंतर दोन दिवसांनी. संपतराव त्याच्याविनाच पास झाले होते. मला इतका आनंद झाला, की अण्णांवर ओरडायचंही राहून गेलं.

पहिली प्रत त्यांनाच दिली. गोठ्याच्या चित्राखाली छापलं होतं: ‘संपत जाधव यांच्या परवानगीने’. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन मागितलं आणि त्याच ओळीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘मॅडमचे साभार’.

व्याकरण चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. परवानगी आधी आणि आभार नंतर, हा क्रम मात्र बरोबर होता. मी आभारच आधी छापून मोकळी होणार होते.