पात्रता कमी पडली

मोखाड्याला आमच्या मजूर युनियनचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. काही वर्षांपूर्वी तिथे पगारी कार्यकर्ता नेमायचा होता. रोजगार हमीच्या कामाची मागणी लिहायची, पंचायत समितीत जाऊन पोच घ्यायची, मिळाली नाही तर पाठपुरावा करायचा, असं काम. मी सेक्रेटरी होतो. अध्यक्ष होत्या वावर गावच्या एक मावशी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण साहेबाच्या टेबलासमोर त्यांचा आवाज कधी खाली आला नाही.

आलेल्या उमेदवारांना आम्ही एकच परीक्षा दिली. समोरच्या मजुराचं म्हणणं ऐकायचं आणि त्याचा अर्ज लिहायचा. बाकीच्यांनी 'कृपा करून', 'नम्र विनंती' असं पानभर लिहिलं. साखरशेत गावच्या एका मुलीने आधी मजुराला विचारलं, "काका, याआधी तोंडी मागितलं होतं का? कुणाकडे?" आणि तेवढंच सरळ लिहून काढलं. तिचा अर्ज सगळ्यांत सरस होता.

मुलाखतीआधी कुणीतरी माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. ज्या पक्षाशी आमचं कायमचं वाकडं, त्याच्या सभेत ती गळ्यात उपरणं घालून उभी होती.

"हा फोटो तुझाच का?"

"माझाच, दादा."

"उद्या आपला मोर्चा तुमच्याच पुढाऱ्याच्या दारात गेला तर?"

"मजुरांचा असला तर मी येईन. मत मात्र माझं मी देईन."

मला ते झोंबलं. मी दुसऱ्याचं नाव पक्कं केलं आणि तिला पत्र लिहिलं : 'पात्रता कमी पडल्याने आपली निवड होऊ शकली नाही.' मावशींनी माझ्यावर विश्वास टाकून खाली अंगठा उठवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या मुलीने मावशींना गाठलं, पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "मावशी, माझं काय कमी पडलं?" मावशी तडक ऑफिसात आल्या.

"माझ्या अंगठ्याच्या वर तू खोटं लिवलंस?"

मी पक्षाचं कारण सांगितलं. त्या खुर्चीत बसल्यासुद्धा नाहीत.

"मुकादम आपल्याला काय विचारायचा? तू कुणाचा माणूस? त्याचा नसला का काम नाही. म्हणून तर आपण युनियन काढली. आता तूच मुकादम झालास?"

ज्याला नेमायचं ठरवलं होतं तो मुलगा अजून रुजू झाला नव्हता. मी त्याला बोलावून खरं काय ते सांगितलं आणि त्याची माफी मागितली. मग जीपने साखरशेतला गेलो. ती वडिलांबरोबर नाचणीच्या शेतात होती. मी म्हटलं, "माझी चूक झाली. पात्रतेचं कारण खोटं होतं."

"दादा, हे लिहून द्याल?"

मी बांधावर बसून लिहिलं. 'गैरसमजातून' असा शब्द मी घातला होता. तिने वाचलं आणि म्हणाली, "गैरसमज कसला? तुम्हाला सगळं नीट माहीत होतं." मी तो खोडून 'तुमच्या राजकीय मतामुळे' असं लिहिलं. तिच्या वडिलांनी मला पाणी दिलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ती कामावर आली, पण आधी एक अट घालून : भरतीत पक्ष विचारायचा नाही, असा ठराव सभेत व्हावा. ठराव मावशींनीच मांडला. काही जुने सभासद नाराज झाले, दोघांनी तर येणंच सोडलं. पण आमचे नाहीत म्हणून ज्या पाड्यांवर आम्ही कधी पाय ठेवला नव्हता, तिथले मजूर तिच्यामुळे ऑफिसची पायरी चढले.

निवडणूक आली की ती रजा टाकते आणि आपल्या पक्षाचं काम करते. मी माझ्या पक्षाचं करतो. निकालावरून आमचं कडाक्याचं भांडण होतं.

मावशी आता थकल्या आहेत. परवा त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांचे पाय धरले. त्या दिवशी त्या ऑफिसात आल्या नसत्या, तर मी ते पत्र फाईलला लावून विसरूनही गेलो असतो.