चांदीपूरचा समुद्र आणि श्यामरावांची गाडी

तात्यापारा मोहल्ल्यातल्या श्यामराव गावंड्यांची गाडी आजवर एकदाही चुकलेली नाही. चुकणार कशी? गाडी रायपूर स्टेशनात यायच्या कितीतरी आधी हा गृहस्थ फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्यांना पाहून आदल्या गाडीचे लोक आपलीच गाडी गेली की काय म्हणून घाबरतात. लग्नाला ते पोचतात तेव्हा मांडववाले बांबू रोवत असतात. श्यामराव त्यांच्याकडूनच खुर्ची मागून घेतात आणि पंगतीची वाट पाहत बसतात.

नोकरीही रेल्वेच्या चौकशी-खिडकीवरची. गाडी किती लेट, या प्रश्नाला 'आधा घंटा' हे उत्तर त्यांनी जन्मभर दिलं. घरी प्रेमलाकाकूंनी भाजी आणायला कधी जाता विचारलं, तरी तेच तोंडातून निघायचं.

रेल्वेवाल्यांना फुकट पास मिळतो. श्यामरावांचे सगळे पास विदर्भाकडे गेले. पुलगावला बारसं, अकोल्याला लग्न, वर्ध्याला तेरवी. काकूंची मागणी एकच होती: समुद्र पाहायचा. ती त्यांनी लग्नाच्या वर्षी केली. त्यानंतर दरवर्षी कोणीतरी नातेवाईक जन्मला तरी, नाहीतर गेला तरी, आणि समुद्र पुढच्या पासवर गेला. विदर्भातले नातेवाईक या बाबतीत फार तत्पर.

मग काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणत काकूंनी बरीच वर्षं काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्यातून नळीतून पाहिल्यासारखं दिसतंय आणि ती नळीही बारीक होत जाणार. "जो देखना है, अभी देख लीजिए माताजी." परतताना रिक्षात काकू एवढंच म्हणाल्या, "समुद्र."

पुरीला सगळं रायपूर जातं, पण त्या गर्दीत अर्ध्या डोळ्यानं धक्के कोण खाणार? नोकरीतल्या जुन्या सोबत्यानं, हिरालालनं, ओडिशाचा उत्तर किनारा सुचवला. बालासोरजवळ चांदीपूर, एकदम मोकळं. हिरालाल स्वतः तिथं कधी गेला नव्हता. मोकळं मात्र ते निघालं.

खरगपूरला गाडी बदलून दोघं सकाळी बालासोरला उतरले. वेटिंग रूममध्ये आंघोळी केल्या, घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. परतीची गाडी त्याच रात्रीची होती. हॉटेलात राहणं जुन्या रेल्वेवाल्याला परवडतं, पण पटत नाही. काकू पिशवीतून कोरी साडी काढून नेसल्या. समुद्रापुढं जुन्या साडीनं जायचं कसं?

दुपारी ऑटोनं किनाऱ्यावर पोचले, तर समुद्र नव्हता. नजर जाईल तिथवर ओली, सपाट रेती, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी.

"कुठं आहे?" काकूंनी विचारलं.

"तो काय समोर. पांढरा पट्टा."

"मले तं काहीच दिसून नाही राहिलं."

श्यामरावांनाही दिसत नव्हतं. पट्टा त्यांनी खिडकीवरच्या सवयीनं सांगून टाकला होता.

चहावाल्यानं खुलासा केला. "अंदर गया है बाबू. इधर बहुत दूर जाता है. शाम को आ जाएगा."

"लेट तो नहीं होता?"

"समुंदर है बाबू, रेल थोड़ी है."

चहा घेऊन काकू श्यामरावांच्या खांद्याला धरून रेतीत उतरल्या. एक लाल खेकडा त्यांच्या नळीतल्या उजेडात आला, थबकला आणि बिळात शिरला. "पोट्टं कसं पळालं पाहा," काकू हसल्या. गुडघ्यांनी फार पुढं जाऊ दिलं नाही, म्हणून परत येऊन दोघं बाकावर बसले. काकूंनी मान जराही वळवली नाही. नळी नेमकी समोर धरून त्या बसल्या होत्या.

ऊन उतरलं. चहावाला म्हणाला, "अब लौट रहा है." आणि श्यामरावांचा पाय हलायला लागला. हा पाय हलला की तात्यापाऱ्यात सगळ्यांना कळतं, काका कुठंतरी वेळेआधी निघालेत.

"चल, निघू."

"आत्ताच? गाडी तं रात्री आहे."

"ऑटो पंक्चर झाला तं? फाटक बंद असलं तं?"

"थोडं थांबा ना. तो येऊन राहिला म्हणते."

"प्रेमला, गाडी थांबत नाही."

"मी कुठं गाडीले थांब म्हणून राहिली? तुमाले म्हणून राहिली."

श्यामरावांनी पिशवी उचलली होती. काकू उठल्या. इतक्या वर्षांत पिशवी उचलली गेली की उठायचं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. ऑटोत बसल्यावरही त्यांनी मान किनाऱ्याकडेच ठेवली.

ऑटो पंक्चर झाला नाही. फाटकही उघडं होतं. उजेड असतानाच ते बालासोरच्या फलाटावर बसले. अंधार पडल्यावर श्यामराव चौकशी-खिडकीवर गेले. आतला तरुण मान वर न करता म्हणाला, "आधा घंटा लेट." थोड्या वेळानं पुन्हा गेले. पुन्हा आधा घंटा. असा तो आधा घंटा मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. या आधा घंट्याचा अर्थ काय असतो, हे त्या फलाटावर श्यामरावांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी पिशवी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. परत किनाऱ्यावर जाऊ, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही.

काकू एकदाच बोलल्या. "आता आला असेल, नाही?"

दिवाळीच्या आधी नळी बंद झाली. मुलगा शेखर म्हणाला, "बाबा, फिर से ले जाते हैं न आई को." काकू म्हणाल्या, "आता कशाले."

परवा नात निधी मोबाइल घेऊन आजीजवळ बसली. "आजी, देखो तो, समुंदर," असं बोलून गेली आणि जीभ चावली. मग तिनं मोबाइल आजीच्या कानाशी धरला. खोलीभर लाटा वाजायला लागल्या. काकूंनी बराच वेळ ऐकलं. मग श्यामराव जिकडे बसतात तिकडे तोंड करून विचारलं,

"काहो, असाच असते का त्याचा आवाज?"

श्यामरावांनी तो कधी ऐकला नव्हता. मांडीवर पिशवी नव्हती, तरी ते हातांनी ती चाचपत राहिले.