मिलिंदला हवा होता एक सेंटर

बातमी मला फ्रीवेवर कळली. मिलिंद गेल्याची नव्हे. ती फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याच्या उशाशी बसल्याबसल्याच कळली होती. ही दुसरी. आमच्या भागातल्या आइस हॉकीच्या टीमनं सीझनच्या अगदी शेवटी शेवटी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपता संपता, दुसऱ्या लाईनसाठी सेंटर आणला. गाडीच्या रेडिओवर निवेदक खुशीत सांगत होता. मी पुढच्या एक्झिटला उतरलो, गॅस स्टेशनवरचा फोन गाठला, नाणं टाकलं आणि मिलिंदचा नंबर दाबायला लागलो. निम्मा नंबर दाबून झाल्यावर लक्षात आलं... रिसीव्हर जागेवर ठेवून मी तिथेच उभा राहिलो. मागे एक सरदारजी थांबले होते, त्यांनी विचारलं, "सब ठीक है?" मी हो म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

वाचकांतल्या बहुतेकांना आइस हॉकी म्हणजे काय हे ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. मी पुण्याचा, म्हणजे क्रिकेट सोडून बाकी खेळांकडे दयेनं बघणारा. मिलिंद नागपूरजवळच्या कामठीचा. तिथे हॉकी म्हणजे श्वास, अर्थात आपली, गवतावरची. क्लबकडून तो सेंटर हाफ खेळायचा. चिरलेल्या स्टिकला सायकलची ट्यूब गुंडाळून त्याच्या पिढीनं खेळ केला, आणि पुढे इंजिनिअरिंग, मुंबई, व्हिसा या रहाटगाडग्यात स्टिक सुटली ती सुटलीच. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, आम्ही एकाच ऑफिसात होतो, घरंही एकाच टाउनहाउसच्या रांगेत. भेटल्यावर "जय भीम", आणि लगेच, "काय बे पुणेकर, जेवला का?" माझ्या बायकोला आणि मला या देशात हे विचारणारा तो पहिला माणूस. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, तो टिंगल करेल म्हणून.

आमच्या भागात नवी टीम आली तेव्हा तो मला बळजबरीनं मॅचला घेऊन गेला. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो, आत बर्फाचं मैदान आहे हे डोक्यातच आलं नाही. मिलिंद मात्र स्वेटर, मफलर आणि चक्क माकडटोपी घालून आला होता. खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, आपले तीन गडी कुंपणावरून उडी मारून बाहेर आले आणि दुसरे तीन आत गेले. मी म्हटलं, "तिघांनाही एकदम लागलं?" तो इतका हसला की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मग घरी जेवताना त्यानं स्टीलच्या वाट्या मांडून मला समजावलं. पुढे खेळणारे तिघं म्हणजे एक लाईन, मधला तो सेंटर. दमतात म्हणून लाईन सारखी बदलते. पहिल्या लाईनमध्ये हिरो लोक. "पण हिरोला समोरचे सगळे मिळून अडवतात ना बे. तो अडकून राहिला की गेम कोण काढणार? दुसरी लाईन. आणि आपल्याकडे दुसऱ्या लाईनला सेंटरच नाही." आमटीची वाटी उचलून त्यानं ती जागा रिकामी करून दाखवली. सुजाता, त्याची बायको, म्हणाली, "आमटी गार होते आहे, आधी जेवा."

त्यानंतर वर्षानुवर्षं हे एकच पालुपद. रेडिओवर संध्याकाळी खेळावर गप्पांचा कार्यक्रम असायचा, लोक फोन करून आपलं मत मांडायचे. दर आठवड्याला त्यात "मिलिंद फ्रॉम फ्रीमाँट" असायचाच. निवेदक त्याला "मिलांड" म्हणायचा आणि आधीच हसून विचारायचा, "सेकंड लाईन सेंटर, राइट?" मिलिंद गंभीरपणे सुरुवात करायचा. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आम्ही लायब्ररीच्या हॉलमध्ये करायचो, नेमके तेव्हाच बाद फेरीचे सामने. संयोजक मिलिंदच. वंदना व्हायची, भाषणं सुरू व्हायची, आणि दोन वक्त्यांच्या मध्ये हा पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत स्कोअर ऐकून यायचा. परत आल्यावर चेहऱ्यावरूनच कळायचं. एकदा एका काकूंनी विचारलं, "काय झालं रे, घरून वाईट बातमी आली का?" तो म्हणाला, "हो काकू, सेंटर नाही आपल्याकडे."

मागच्या ऑक्टोबरात पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेला आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. सीझन नुकताच सुरू झाला होता. मी भेटायला गेलो, तर हाच आधी म्हणाला, "अदलाबदलीची मुदत मार्चमध्ये आहे. तोवर आणतील बे सेंटर. तेवढं पाहून जायचं आहे मला." मी चिडलो. म्हटलं, केमोचं बोल, सुजाताचं बोल, करुणाचं बोल. करुणा त्यांची मुलगी, दहा वर्षांची. तो शांतपणे म्हणाला, "ते सगळं बोलून झालं आहे. रोज तेच बोलून राहिलो आम्ही. तू तरी हॉकीचं बोल." तेव्हापासून मी पेपरातलं खेळांचं पान वाचायला लागलो. कळायचं निम्मंच, पण त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायला नको म्हणून वाचायचो.

जानेवारीत त्यानं रेडिओला शेवटचा फोन केला. आवाज इतका बसला होता की निवेदकानं विचारलं, "यू ओके, मिलांड?" मिलिंद म्हणाला, बॅड कोल्ड. आणि दम लागेपर्यंत सेंटरवर बोलला. मी स्वयंपाकघरात सुजाताजवळ उभा होतो. ती ओट्याला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

फेब्रुवारीत हॉस्पिटलात हलवलं तेव्हा मार्च गाठणार नाही हे सगळ्यांनाच कळलं होतं, त्यालाही. सीझनही नेहमीसारखाच, टीम हरत चाललेली. एका संध्याकाळी मी आत गेलो तर डोळे मिटूनच म्हणाला, "काही खबर?" आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आणला."

त्यानं डोळे उघडले. "कोण?"

मी आजूबाजूला पाहिलं. नर्स सलाइन बदलत होती, तिच्या छातीवर नावाची पट्टी. "हॅनिगन," मी म्हणालो.

मिलिंदनं नर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कसा आहे खेळायला?"

"जबरदस्त. पेनल्टी कॉर्नर तर असले मारतो..."

आइस हॉकीत पेनल्टी कॉर्नर नसतो. तो आपल्या गवतावरच्या हॉकीत असतो, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. मिलिंदचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं दुखतंय, मी घंटी दाबायला उठलो. पण तो हसत होता. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "नर्सचा भाऊ आहे काय रे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, चुलतभाऊ. नर्सला काही कळलं नाही, पण पेशंट हसतोय म्हणून तीही हसली.

मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी गेलो तर पहिला प्रश्न, "हॅनिगन काय म्हणतो?" आणि मग मिलिंद होता तोवर हेच. हॅनिगनचे गोल मी रचायचो, बाकी सगळं तो दुरुस्त करायचा. मी हॅनिगनला उंच केला, मिलिंदनं बुटका केला, खांद्यात रुंद, पंचानं चकती, म्हणजे त्यांचा चेंडू, दोघांच्या मध्ये टाकली की समोरच्याच्या आधी वाकणारा. मी त्याला भांडखोर म्हटलं तर वैतागला. "आपला पोरगा भांडत नाही. मार खातो आणि पास देतो." करुणा शाळेतून आली की कोपऱ्यात बसून ऐकायची. मधेच एखादा प्रश्न इंग्रजीत विचारायची, आणि तिचा बाप तिला मराठीत उत्तर द्यायचा, खोल गेलेल्या आवाजात, सावकाश. शेवटच्या दिवशी त्याला बोलवत नव्हतं. मी एकटाच बोलत होतो. हॅनिगननं पास दिला, समोर कोणी नाही, गोल... सुजातानं माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मी थांबलो. राग येतो मला अजून. महिनाभरानं तर आणला त्यांनी सेंटर. महिनाभर काढू द्यायला काय हरकत होती, कोणाची काय हरकत होती, मला कळत नाही.

खऱ्या सेंटरची पहिली मॅच रविवारी दुपारी होती. सुजातानं फोन करून बोलावलं. "भावजी, करुणा लावणारच आहे टीव्ही. मला एकटीला नाही बघवणार." गेलो. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. नवा माणूस चांगला उंचापुरा, नावाजलेला, निवेदक त्याचं कौतुक करून थकेना. करुणा गुडघे पोटाशी घेऊन बघत होती. पहिल्यांदा चकती पडली, ती समोरच्यानं पळवली, तो हरला. दुसऱ्यांदा पडली, हरला. मग तो कोणाशी तरी भांडला आणि त्याला बाहेर बसवलं.

"हॅनिगन वॉज बेटर," करुणा म्हणाली.

मला हुंदका आवरेना. सुजाता टीव्हीकडेच बघत होती, तिचे गाल ओले झाले होते, तिनं ते पुसले नाहीत. ती म्हणाली, "बुटका होता ना तो?"

"शॉर्ट," करुणा म्हणाली, "अँड ही नेव्हर फॉट."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगायला लागलो.