आंटींच्या भातातला कडबा

आंटी जेवायला बसायच्या त्या दार सताड उघडं टाकून. कुवेतमध्ये, महबूल्यातल्या आमच्या इमारतीत बाकी सगळे एसीचा गारवा जपत दारं लावून बसायचे. आंटी मात्र दारासमोरच्या सतरंजीवर ताटली घेऊन बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत, "यू आर इन्व्हायटेड!"

आता हे आमंत्रण नव्हे. आंटी घानाच्या, आणि घानात जेवताना समोर कुणी आलं की असं म्हणायचं असतं आणि समोरच्यानं "थँक यू" म्हणून पुढं जायचं असतं. आपल्याकडं "या जेवायला" म्हटलं की आपण "चालू द्या, चालू द्या" म्हणत सटकतो, अगदी तसंच. म्हणजे मला हे कळायला हरकत नव्हती. पण बायको मुलाच्या बारावीसाठी पुण्याला गेलेली, सकाळपासून पोटात खुबूजचा, म्हणजे इथल्या रोटीचा, एक शिळा तुकडा, आणि जिन्यात भाताचा वास. मी चपला काढल्या, आत गेलो आणि सतरंजीवर मांडी घालून बसलो. आंटींचा घास हातातच राहिला. मग त्या उठल्या आणि मुकाट्यानं दुसरी ताटली घेऊन आल्या. त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी तिथं जेवू लागलो.

त्या माझ्याच वयाच्या. पुण्यात माझ्या वयाच्या बाईला आंटी म्हटलं तर ती पुन्हा तोंड बघणार नाही. पण त्यांच्याकडं तो मानाचा शब्द, आणि तसं म्हणायला त्यांनीच बजावलं होतं. उलट त्या मला मोठ्या आदरानं "इंजिनियर" म्हणत. पेट्रोकेमिकल कंपनीत मी दिवसभर व्हॉल्व्हचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवतो, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. त्या स्वतः एका बालवाडीत शिकवत. त्यामुळं चार वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा माणूस यांत त्या फारसा फरक करत नसत. "इंजिनियर, हात धुतले? दोन्ही बाजूंनी? दाखव." आणि मी दाखवत असे.

पदार्थाचं नाव वाचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जुन्या पुस्तकातलं मराठीच वाटलं. तो रोज वर्तमानपत्र वाचे, त्यातलं. निघाला चवळीभात. पण रंग विटकरी, आणि वर काळी झणझणीत मिरचीची चटणी, उकडलेलं अंडं आणि, सांगायला जीभ रेटत नाही, चमचाभर शेवया. मी बोट चाटत चाटत म्हणालो, "छान आहे, पण आमच्याकडं याला वरून फोडणी देतात." आंटी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडं देतात म्हणूनच तू इथं जेवतोयस."

मग मला शिकायची हुक्की आली. त्यांनी चवळी भिजत घालायला सांगितली. मी मराठी माणूस. कडधान्य भिजवलं की फडक्यात बांधून उबेला ठेवायचं, हे रक्तातच आहे. शुक्रवारी मी अभिमानानं पंचा सोडला. चांगले बोटभर मोड आले होते. आंटींनी एक दाणा उचलून उजेडात धरला. "याला शेपूट फुटलंय. इंजिनियर, आज आपण जेवायचंय की पेरायचंय?" हा किस्सा त्यांनी बालवाडीतही सांगितला असावा. पुढं एकदा त्यांच्या सहकारी बाई भेटल्या, तर त्यांनी माझ्याकडं पाहून हसू दाबलं.

भाताचा तो रंग येई पानांमुळं. चवळीबरोबर पातेल्यात एक वाळकी जुडी पडायची, पाणी लालभडक व्हायचं, अर्धवट शिजलेल्या चवळीत मग तांदूळ. ही पानं आंटींची आई गावाकडून, तामालेहून, पाठवत असे. कुवेतला येणारा जो कुणी सापडेल त्याच्या सामानात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी असायची. आई लिहीत नसे, फोनवर फार बोलत नसे. "पानं आली की मला कळतं, हातपाय चालतायत," आंटी म्हणत. मी एकदा ती जुडी हातात घेऊन पाहिली आणि मोठ्यानं हसलो. ज्वारीची पानं! मी बार्शीचा. म्हटलं, "आंटी, हा कडबा आहे. आमच्याकडं हा बैल खातात." आंटी म्हणाल्या, "मग तुमचे बैल चांगलं जेवतात."

एका शुक्रवारी दार बंद होतं. आंटींची आई गेली होती. त्यांच्याकडं त्याच दिवशी माती देतात. बातमी इथं पोचली तेव्हा सगळं उरकलंही होतं. मी भेटायला गेलो. स्वयंपाकघरात चूल थंड, पातेलं पालथं. "पानं संपली, इंजिनियर," एवढंच बोलल्या. पुढच्या शुक्रवारी दार बंद, त्याच्या पुढच्याही. बालवाडीतून येत, ब्रेड खात, झोपत. चेहरा उतरत चालला. या बाईनं पुन्हा स्वयंपाक केला नाही तर ती खंगेल, ही भीती मला खरोखर वाटायला लागली. तशी पानं कुवेतमध्ये कुठल्या तरी आफ्रिकन दुकानात मिळाली असती. त्यांनी शोधलीही नाहीत, यावरून मला काही कळायला हवं होतं. पण मी पडलो इंजिनियर. मला वाटलं, सुटा भाग संपलाय, दुसरा आणून बसवू.

सुट्टीत बार्शीला गेलो आणि आईला म्हटलं, थोडा कडबा हवाय. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "कशाला रं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. तिला ते पटलं नाही, पण गंजीतून स्वच्छ पेंढी काढून, पानं सोलून, उशीच्या अभ्र्यात भरून दिली. कुवेत विमानतळावर अधिकाऱ्यानं अभ्रा उघडला. "शिनू हाधा?" म्हणजे हे काय. मी म्हणालो, गाईचं खाणं. मग घाईनं म्हणालो, नाही, माझं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जा म्हणून हात केला.

शुक्रवारी मी आंटींचं दार वाजवत राहिलो, आत घुसलो आणि त्यांच्याच पातेल्यात चवळी आणि बार्शीचा कडबा चढवला. त्या खुर्चीत बसून पाहत होत्या. लाल रंग देणारी ज्वारी वेगळी असते, हे मला कोण सांगणार? पाणी फिक्या चहासारखं झालं आणि पाचव्या मजल्यावर गोठ्याचा वास सुटला. आंटी उठल्या, पातेल्यात डोकावल्या, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हसायला लागल्या. भिंतीला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, आणि हसता हसता हुंदके द्यायला लागल्या. मी पळी हातात धरून उभा. काय करावं ते सुचेना, म्हणून चवळी ढवळत राहिलो.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ही पानं सोलली कुणी?"

"आईनं."

"आहे?"

"आहे."

"मग फोन लाव. आत्ता."

मी लावला. खरं सांगायचं तर मला आईला फोन करायचा म्हणजे महिन्याचं एक काम वाटायचं. आंटींनी फोन हिसकावून घेतला आणि "मामा, थँक यू, मामा" म्हणत खूप वेळ इंग्रजीत काहीबाही बोलत राहिल्या. तिकडून आई मराठीत, "हां बाई, हां. जेवलीस का? रडू नगंस." कुणालाही कुणाचं अक्षर कळलं नव्हतं. मग आईनं मला मागितलं, आणि मी तिला आंटींची आई, पानं, भात, सगळं सांगून टाकलं. "आरं, तिकडं माणसं कडबा खात्यात व्हय? तुझा पगार येतोय न्हवं?"

तो भात आम्ही खाल्ला. आंटींनी त्यात तांदूळ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून तो थोडा तांबूस केला, पण गोठा काही गेला नाही. पुढच्या शुक्रवारी दार उघडं होतं. पानांवाचून, सोडा घालून, त्या वाचे करू लागल्या आणि ताटल्या वाढल्या की मला फोन लावायला सांगू लागल्या. त्या दोघींचं मग तसंच चालायचं, आणि माझ्या वाट्याला शेवटचं मिनिट यायचं.

यंदा आंटींचा करार संपला. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहेत. गुड बॉय." त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि मी शहाण्यासारखा उभा राहिलो. नंतर घरात येऊन रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी आईचाच फोन आला. "त्या बाईला दे."

म्हटलं, "ती गेली आई, तिच्या गावाला. कायमची."

"आई गेली न्हवं तिची? मग तिथं आता कोण हाय तिचं?"

मला माहीत नव्हतं. इतके शुक्रवार जेवलो, पण हे कधी विचारलं नव्हतं. तसं मी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "इकडं यायला सांगायचं की रं. तुझी खोली रिकामीच हाय."