गव्हामागची ज्वारी

"भाऊ, तुमच्या पिठात गहू आहे."

वानखेडे मास्तरांनी पिठाचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि भर चक्कीत हे वाक्य बोलले. मोटार चालू होती, पट्टा फटफटत होता, तरी दळण न्यायला आलेल्या सगळ्या बायांना ते नीट ऐकू गेलं. चक्कीवाल्याला महागडा म्हणा, आळशी म्हणा, तो ऐकून घेतो. पण पिठात भेसळ आहे म्हटलं की संपलं. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, जवारी तुमची, डबा तुमचा. त्यात माह्या घरचा गहू मी कायले टाकीन? धरमशाळा खोलून बसलो का मी?"

बाया हसल्या. मास्तर हसले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "भांडायला नाही आलो, भाऊ. नलूचं वजन पुन्हा उतरलं."

ते मला माहीत होतं. वजन मीच करत होतो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सौंसरच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी चक्की होती. एकच दगडजोडी, एक मोटार, आणि बाहेरच्या ओसरीत आढ्याला टांगलेला मोठा दांडीकाटा. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात लोखंडी वजनं. त्या काट्यावर मी आयुष्यभर धान्य तोललं. माणूस तोलायची वेळ नलूमुळे आली.

नलू मास्तरांची एकुलती एक. तिसरीत होती, पण दिसायची बालवाडीतली. पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या. जे खाईल ते वाहून जायचं. जंताचं औषध झालं, लिव्हरचं झालं, नजर उतरवून झाली. शेवटी मास्तर तिला छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून आतड्याचा कण काढला, तपासला आणि सांगितलं की हा सीलियाक नावाचा आजार आहे. औषध नाही. गहू बंद, जन्मभर. नाहीतर मुलगी वाढणार नाही, आणि फार काळ टिकेल याची खात्री नाही.

दर आठवड्याला वजन करा, असंही ते म्हणाले. मास्तरांच्या घराजवळ वजनाचा काटा होता तो माझा. मग दर सोमवारी, चक्कीच्या सुट्टीच्या दिवशी, नलू माझ्या पारड्यात बसायची. पाय खाली सोडून झुलायची. मी म्हणायचो, "पाय वर घे वं, जमिनीले लागले तर खोटं वजन येते." खरं तर तिचे पाय जमिनीपासून चांगले चार बोटं वर असायचे. तिला हसवायला म्हणायचो.

नागपुरात दवाखान्यात नुसत्या वरण-भातावर ती सुधारली होती. घरी आल्यावर मास्तरांनी सगळ्या घराचाच गहू बंद केला. पोळी गेली, शेवया गेल्या, बिस्किटं गेली, पूजेचा शिरा गेला. मास्तर किराणा दुकानात जाऊन एकेका वस्तूची उलटतपासणी घ्यायचे. दुकानदार वैतागला होता. हिंगात काय असते म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "हिंगात हिंग असते, मास्तर!" मग स्वतःच ओशाळून सांगितलं की डबीतल्या हिंगात मैदाही असतो. हिंग गेला. राहिला भात, वरण, भाजी आणि ज्वारीची भाकर. तरी पोरीचं पोट पुन्हा बिघडलं आणि पारडं वर जाऊ लागलं.

"आता घरात शोधायला काही उरलंच नाही," मास्तर म्हणाले. "उरलं ते पीठ."

"आलाही असंन थोडा गहू," मी म्हणालो. "दगड एकच आहे. पण किती येईल? चिमूटभर!"

"डॉक्टर म्हणतात, चिमूटभरही पुष्कळ."

मी हसलो. चिमूटभर पिठानं चिमणीचं पोट भरत नाही, आणि माणसाचं बिघडतं म्हणे. पण मास्तरांचा चेहरा पाहून मोटार बंद केली. म्हणालो, या, डोळ्यांनी पाहा.

चक्कीची रचना साधी असते. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. वरच्या पेटीतून दाणे मधल्या भोकात पडतात, दोन दगडांमध्ये भरडतात आणि पीठ होऊन कडेनं बाहेर येतात. तोंडाला एक कापडी बाही बांधलेली असते. तिच्यातून पीठ डब्यात उतरतं, म्हणजे उडत नाही. मी ती बाही सोडली आणि कागदावर झटकली. शेवटचं दळण गव्हाचं होतं. ओंजळभर पीठ पडलं. पाना लावून वरचा दगड उचलला. दगडाभोवतीच्या खाचेत बोटभर थर बसला होता. दगडाला छिन्नीनं बारीक खळगे पाडतात, त्याला आम्ही टाकी लावणं म्हणतो. त्या प्रत्येक खळग्यात पीठ दाबून बसलं होतं. रोज पाहायचो मी ते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एवढ्यात मास्तरीणबाई नलूला घेऊन ओसरीत येऊन उभ्या राहिल्या. मास्तर भांडण करून बसतील या धास्तीनं आल्या असाव्यात.

"पण गव्हात असं आहे तरी काय?" मी विचारलं. "निम्मा देश तेच खाऊन राहिला."

"चिकटपणा," मास्तर म्हणाले. "ग्लूटेन म्हणतात. गव्हाचे कच्चे दाणे चावत राहिलं की शेवटी चिंगम राहतो ना, तोच."

लहानपणी खळ्यावर आम्ही सगळ्यांनीच तो चिंगम खाल्लेला. मी पोत्यातले थोडे दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिलो. पांढरं पाणी गिळलं गेलं, मागे रबरासारखी गोळी उरली. ती काढून तळहातावर ठेवली. नलूनं पाहायला हात पुढे केला. बाईंनी तो झटकन मागे ओढला.

मी गोळी ताणून दाखवली. "हे पाहा. याच्यानंच पोळी लाटता येते. जवारीत हे नाही, म्हणून भाकर थापा लागते, आणि जरा चुकली का तुटते."

मास्तरीणबाई त्या गोळीकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणूनच माही भाकर तुटत नव्हती."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दळणाचा क्रम असतो. ज्वारीमागं गहू टाकायला कोणी बाई तयार नसते, कारण ज्वारीचं उरलेलं पीठ गव्हात येतं आणि पोळी फाटते. पण गव्हामागं ज्वारी टाकायला सगळ्या टपलेल्या असतात. दगडात राहिलेला थोडा गहू ज्वारीत उतरतो आणि भाकर मऊ, गोल, न भेगाळणारी होते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चक्कीवाला ही सवलत देतो. सुगरणीचा निम्मा लौकिक त्यात असतो. मास्तरीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक.

"मीच तर सांगत होती तुमाले," त्या म्हणाल्या. "भाऊ, माही जवारी गव्हामागं टाका. पोरगी बिमार आहे, तिले मऊ भाकर पाहिजे. दर खेपेला सांगून जात होती मी."

नलू पारड्याच्या साखळीशी खेळत होती.

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. या बोटांवर माझा फार भरवसा. अंगठ्यानं पीठ चोळून मी सांगत असे की दाणा कोणत्या शेतातला, वाळलेला की दमट, दगड तापला की नाही. तेच पीठ मीही रोज चोळत होतो. मला त्यात गहू लागला नव्हता. डोळ्यांना दिसला नव्हता, जिभेलाही कळला नव्हता. आणि या चिमुरडीच्या पोटाला तो दर वेळी कळला, एकदाही न चुकता. मला आधी भीती वाटली. मग असं नवल वाटलं की ते आजतागायत ओसरलं नाही. देवानं त्या पोरीच्या आत केवढा बारीक काटा टांगला होता, आणि मी तिला पोती तोलायच्या पारड्यात बसवून हसवत होतो!

"मास्तर," मी म्हणालो, "सोमवारी जवारी आणा. थोडी जास्तच आणा."

घरच्या जात्यावर दळा म्हणावं, तर बाईंनी ते एकदा करून पाहिलं होतं. पीठ जाडं निघालं आणि नलूनं ताट सरकवून दिलं. बारीक पीठ हवं तर चक्कीच हवी. म्हणून सोमवारी मी दोन्ही दगड उघडले, ब्रशानं झाडले, खाचा खरवडल्या आणि नवी टाकी लावली. म्हणजे जुना थरच गेला. बाही नवी शिवली. टाकी लावल्यावर पहिल्या पिठात दगडाची कचकच येते, म्हणून ते कोणी नेत नाही. मी आधी जास्तीची ज्वारी त्या दगडातून काढली आणि ते पीठ म्हशीला घातलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच केलं. मग नलूचं दळलं. तेव्हापासून सोमवार नलूचा झाला.

पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंनी निरोप पाठवला, "भाकर तुटली." आनंदाचा निरोप होता तो! सौंसरात भाकर तुटली म्हणून कोणी खूष झाल्याचं मी तरी दुसरं ऐकलं नाही. पुढे त्या उकळतं पाणी घालून पीठ मळायला लागल्या आणि भाकर जमली.

पण गिऱ्हाईक ऐकतं थोडंच. मोहगावचे गुलाबराव म्हणून संत्र्यांचे मोठे बागायतदार होते. माझं वर्षाचं सगळ्यात मोठं दळण त्यांचं. लेकीचं लग्न निघालं, तर ते बरोबर सोमवारी बैलगाडीभर गहू घेऊन दारात.

"चालू करा मोटार. परवा पंगत आहे."

"गुलाबराव, आधी एक जवारी काढून घेऊ द्या. दगड आत्ताच साफ केला."

"जवारी? माह्या पोरीचं लगन आहे अन् तुमी मले जवारीमागं बसवून राहिले? पुरणपोळ्या फाटल्या म्हणजे?"

"फाटणार नाही. तुमच्या पहिल्या घाण्याचं पीठ मी घरी ठेवतो, त्याच्या बदल्यात माह्या घरचं देतो."

"काहून पण? कोणाची एवढी जवारी आहे?"

मी ओसरीतल्या काट्याकडे बोट दाखवलं. नलू पारड्यात बसली होती, मास्तर दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवत होते. मागच्या सोमवारची वजनं ठेवून झाली, पारडं हललं नाही. आणखी एक लहान ठेवलं. तरी नलू खालीच. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

गुलाबरावांनी सगळं विचारून घेतलं. ऐकताना दोनदा "काय सांगता!" म्हणाले. मग गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितले आणि ओसरीत बसून राहिले. जाताना मास्तरांना म्हणाले, "लगनाले या. पोरीले घेऊन या."

मास्तर कचरत गेले. आमच्याकडच्या पंगतीत आग्रह असतो. नको म्हटलं की वाढपी दोन वाढतो, हात आडवा धरला तर हाताखालून सरकवतो. आणि लग्नाच्या पंगतीत घरून बांधून आणलेली भाकर सोडणं म्हणजे यजमानाचा अपमान. म्हणून मास्तर निघताना म्हणाले होते, नलू उपाशी राहील, पण जाऊन येऊ.

मी त्याच ओळीत बसलो होतो. पुरणपोळीची टोपली घेऊन वाढपी नलूपर्यंत आला आणि थांबला. नलूच्या पत्रावळीपुढं खुद्द नवरीचे बाप, फेटा बांधलेले गुलाबराव, उकिडवे बसले होते.

"इथं पोळी नाही," ते म्हणाले. "पुढं चाल."

आतून त्यांच्या बायकोनं वेगळ्या तव्यावरची भाकर आणली. माझ्याकडून त्या सोमवारच्या पिठातलं थोडं त्यांनी गुपचूप मागून नेलं होतं. वर तूप आणि गूळ. ओळीतली एक म्हातारी कुजबुजली, "लगनात भाकर वाढून राहिले?" गुलाबराव मोठ्यानं म्हणाले, "हो बाई. पाहुणीच तशी आहे." पंगत उठेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी पुष्कळ पंगती जेवलो, पण आग्रह न करण्याचा असा आग्रह दुसरा पाहिला नाही.

दोन उन्हाळे गेले, दोन पावसाळे गेले. एका सोमवारी नलू पारड्यात बसली आणि मी सवयीनं म्हणालो, "पाय वर घे वं."

"भाऊ, वरच घेऊन राहिली," ती म्हणाली, "तरी टेकून राहिले."

मी वाकून पाहिलं. पारडं तेच, साखळी तीच. तिची पावलं फरशीला टेकली होती. तिनं गुडघे दुमडले, पुन्हा टेकली. माझा काटा तिला लहान पडायला लागला होता. पुढचं वजन दवाखान्यातल्या काट्यावर करा, असं मी मास्तरांना सांगितलं आणि बाही धुण्याचं निमित्त करून आत गेलो.

आता चक्की मुलगा चालवतो. दोन दगडजोड्या आहेत, त्यातली एक फक्त ज्वारीची. मी ओसरीत बसतो. कोणी विचारतं, "भाऊ, पीठ एकदम साफ आहे ना?" पूर्वी मी बोटानं चोळून हो म्हणायचो. आता आधी विचारतो, कोणाच्या पोटासाठी?